सर्वात सावकाश येणारा कागद

दरवर्षी होळीच्या सुमारास मला दोन-चार फोन येतात. पलीकडे कधी नाशिकची, कधी सांगलीची, कधी लग्नानंतर नुकतीच न्यू जर्सीला आलेली एखादी मुलगी असते. बीडीएस झालेली असते आणि अमेरिकेत दंतवैद्य म्हणून काम करायचं तिच्या मनात असतं. "मॅम, कॅपिड उघडलंय. भरून टाकू का यंदा?" मी उलट विचारते, "ट्रान्सक्रिप्ट कुठवर आलं?" बहुतेकदा उत्तर येतं, "कॉलेजात अर्ज दिलाय." एवढ्यावरून मला कळतं की हे वर्ष तयारीचं आहे, अर्जाचं नाही. तसं सांगणं जिवावर येतं, पण सांगते. कारण ज्या वर्षी मला कुणी हे सांगायला हवं होतं, त्या वर्षी कुणी सांगितलं नाही.

आधी ही वाट कशी आहे ते बघू. भारतातल्या बीडीएसवर अमेरिकेत सरळ प्रॅक्टिस करता येत नाही. परवाना प्रत्येक राज्य आपापला देतं, आणि बहुतेक राज्यांना तिथल्या मान्यताप्राप्त दंत महाविद्यालयाची पदवी लागते. म्हणून बाहेरून शिकून आलेल्या दंतवैद्यांसाठी अनेक कॉलेजांनी मधूनच प्रवेश देणारा अभ्यासक्रम ठेवला आहे. त्याला ॲडव्हान्स्ड स्टँडिंग म्हणतात. दोन ते तीन वर्षं तिथल्याच मुलांबरोबर शिकायचं आणि शेवटी डीडीएस किंवा डीएमडी घ्यायची. या दोन पदव्यांत नावापलीकडे काही फरक नाही. हार्वर्डने १८६७ साली दंतशाळा काढताना पदवीला लॅटिन नाव दिलं, तेव्हापासून ही दोन नावं चालत आली आहेत. अमुक पदवी वरची म्हणून कॉलेज निवडू नका.

यातल्या बहुतेक कॉलेजांचे अर्ज एकाच ठिकाणी भरायचे असतात, ते म्हणजे कॅपिड. अमेरिकन डेंटल एज्युकेशन असोसिएशनचं हे पोर्टल साधारण मार्चमध्ये उघडतं. एकदा भरलेली माहिती तुम्ही निवडाल त्या सगळ्या कॉलेजांना जाते, फी मात्र कॉलेजागणिक वाढते. काही कॉलेजं याशिवाय स्वतःचा पुरवणी अर्जही मागतात. शेवटची तारीख प्रत्येकाची वेगळी. कुणाची उन्हाळ्याच्या तोंडावरच संपते, कुणाची पानगळ सुरू झाली तरी चालू असते. यंदा भरलेल्या अर्जावर वर्ग सुरू होतो पुढच्या वर्षी, कुठे जानेवारीत तर कुठे मे ते जुलैच्या दरम्यान. म्हणजे ज्या वर्षी वर्गात बसायचं त्याच्या आधीचं वर्ष अर्जाचं आणि त्याच्याही आधीचं वर्ष कागदांचं आणि परीक्षेचं. आपली मुलं चुकतात ती या तिसऱ्या वर्षाच्या हिशेबात.

कागदांची एक साखळी आहे. आधी पदवी. मग ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे चारही वर्षांचे विषय, तास आणि गुण एकत्र दाखवणारा, विद्यापीठाच्या शिक्क्याचा कागद. १९९८ साली आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यापासून महाराष्ट्रातल्या बहुतेक दंत महाविद्यालयांचं हे काम नाशिकला होतं. अभिमत विद्यापीठांचं ज्यांच्या त्यांच्याकडे. हे ट्रान्सक्रिप्ट मिल्वॉकीच्या ईसीई या संस्थेकडे जातं, आणि तेही तुमच्या हातून नव्हे, विद्यापीठाकडून. ईसीई प्रत्येक विषयाचं अमेरिकन ग्रेडमध्ये मूल्यमापन करून अहवाल देते. तो अहवाल आला की आयएनबीडीई या राष्ट्रीय परीक्षेला बसण्याची पात्रता मिळते. परीक्षा, मग निकाल, मग पूर्ण अर्ज. या साखळीत अभ्यासाने लवकर होईल अशी एकच कडी आहे, परीक्षा. बाकी सगळ्या कड्या दुसऱ्यांच्या टेबलावरून पुढे सरकतात. म्हणून तुमच्या अर्जाची खरी तारीख पोर्टल ठरवत नाही. ती ठरते सर्वात सावकाश येणाऱ्या कागदावरून, आणि तो कागद बहुतेकांच्या बाबतीत ट्रान्सक्रिप्टच असतो.

इथे नावाची गोष्ट जरा सावकाश सांगते, कारण ती खास आपली आहे. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव असतं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत आणि स्वतःचं व वडिलांचं नाव दुसऱ्या ओळीत. लग्नानंतर पासपोर्ट बदलला तर मधलं नावही नवऱ्याचं होतं. आता अमेरिकन फॉर्म घ्या. त्यात पहिलं, मधलं आणि शेवटचं असे तीन रकाने. गुणपत्रिका समोर ठेवून वरून खाली भरत गेलं, तर आडनाव पहिल्या रकान्यात जातं आणि वडील शेवटच्या. ईसीईकडे एक नाव, परीक्षेसाठी मिळणाऱ्या डेंटपिन क्रमांकावर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. परीक्षा केंद्रावर ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव तंतोतंत जुळावं लागतं, नाहीतर आत सोडत नाहीत. म्हणून पहिला फॉर्म भरण्याआधी पासपोर्ट उघडून ठेवा आणि त्यावर आहे तसंच नाव सगळीकडे लिहा. जुन्या कागदांवरच्या फरकासाठी विवाह प्रमाणपत्र, गॅझेटमधली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवा.

माझं पहिलं वर्ष इथेच अडलं. कागदांवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. माझी फाइल कॉलेजच्या ऑफिसातून दोनदा परत आली आणि ती पुन्हा पुढे सरकेपर्यंत पाच महिने गेले. परीक्षा लांबली, निकाल लांबला, आणि मी कॅपिडचा अर्ज भरला तेव्हा माझ्या यादीतल्या निम्म्या कॉलेजांच्या तारखा उलटून गेल्या होत्या. त्या वर्षी मला एकाच ठिकाणाहून बोलावणं आलं.

तेव्हा इंटर्नशिप सुरू असतानाच ट्रान्सक्रिप्टची चौकशी करा. पदवी हातात आल्याच्या आठवड्यात अर्ज टाका. घरचं कुणी कॉलेजात चकरा मारू शकत असेल तर त्यांना अधिकारपत्र देऊन ठेवा. अमेरिकेत बसून रात्री अकराला फोन करण्यापेक्षा इथे काउंटरसमोर उभा असलेला भाऊ जास्त कामाचा.

आता परीक्षा. पूर्वी एनबीडीईचे दोन भाग असत. १ ऑगस्ट २०२० पासून त्यांच्या जागी आयएनबीडीई आली. दोन दिवसांत ५०० प्रश्न, पहिल्या दिवशी ३६० आणि दुसऱ्या दिवशी १४०. प्रश्न पाठांतराचे कमी आणि रुग्णाचे जास्त असतात. चौकटीत रुग्णाचं वय, तक्रार, औषधं, जुने आजार दिलेले असतात आणि त्यावरून काय कराल ते विचारतात. आपल्या मुलांना कॉन्स, प्रोस्थो, ओरल सर्जरी जड जात नाही. अडतं ते प्रॅक्टिस अँड प्रोफेशन या भागात. रुग्णाची संमती, गोपनीयता, नोंदी, संशोधनातलं संख्याशास्त्र असे विषय आपण अंतिम वर्षात वरवर वाचून पुढे गेलेलो असतो. त्यांना पहिल्या महिन्यापासून वेळ द्या. नोकरी न करता अभ्यास केला तर पाच-सहा महिने पुरतात, क्लिनिक सांभाळून केला तर वर्ष धरा. या परीक्षेची केंद्रं वर्षानुवर्षं अमेरिका आणि कॅनडातच राहिली आहेत. त्यामुळे भारतातून जाणाऱ्याला व्हिसाचा वेळ वेगळा धरावा लागतो, आणि मुंबईच्या वकिलातीत भेटीची तारीख मिळायला कधी कधी खूप थांबावं लागतं.

या परीक्षेचा निकाल फक्त पास किंवा नापास असा लागतो. जुन्या एनबीडीईचे आकडे २०१२ साली बंद झाले, त्याआधी ज्याचे गुण जास्त त्याला बोलावणं असा ढोबळ प्रकार होता. आता कॉलेजासमोर आलेल्या जवळजवळ प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे पास असंच असतं. मग माणूस निवडायचा कशावरून? बीडीएसचे गुण आहेत, पण ते आता बदलत नाहीत. त्यांची फार काळजीही करू नका. आपल्याकडे ७५ टक्क्यांना डिस्टिंक्शन असते, हे मूल्यमापन करणाऱ्यांना माहीत असतं. ६४ टक्के म्हणजे अमेरिकेतले ६४ नव्हेत. एखाद्या वर्षी सप्लिमेंटरी लागली असेल तर लपवू नका, ट्रान्सक्रिप्टवर ती दिसतेच. विचारलं तर दोन वाक्यांत कारण सांगा आणि पुढच्या वर्षी काय सुधारलं ते सांगा.

गुण गोठलेले, परीक्षा सगळ्यांची पास. उरतं ते तुमचं काम. बळकट करता येते ती हीच बाजू, आणि नेमकी तीच आपली मुलं अर्जात सर्वात कमी मांडतात. "दोन वर्षं खासगी क्लिनिकमध्ये असोसिएट" एवढं लिहून मोकळी होतात. मी त्यांना एक वही करायला सांगते. रुग्णाचं नाव लिहायचं नाही. तारीख, वय, तक्रार, काय दिसलं, काय केलं, काय चुकलं आणि पुन्हा कधी पाहिलं, एवढंच. कॉलेजात कोटा पूर्ण करायला जशी केस लिहायचो तशी नाही, स्वतःला आठवावं म्हणून. सहा महिन्यांत या वहीतून अर्जाला लागणारं सगळं निघतं. किती आरसीटी केल्या, किती एक्स्ट्रॅक्शन केली, लहान मुलं किती पाहिली, आणि त्याहून मोलाचं म्हणजे दोन-तीन माणसं.

माझ्या वहीतला एक माणूस सांगते. तालुक्याच्या गावी शिबिरात आलेला विशीतला टेम्पोचालक. दाढ दुखते म्हणून आला होता. तोंड उघड म्हटलं तर दोन बोटं मावतील एवढंही उघडेना. आत गाल पांढरट, बोटाला दोरीसारखे पट्टे लागत होते. सबम्युकस फायब्रोसिस, गुटख्याने होणारी आणि कर्करोगाकडे नेऊ शकणारी स्थिती. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. त्याला ते माहीत होतं, आणि पुडी कुठल्या टपरीवर मिळते तेही माहीत होतं. मी दाढेचं बघितलंच, पण त्या दिवशी माझं खरं काम होतं त्याला रोज करायचा तोंडाचा व्यायाम शिकवणं आणि दर महिन्याला परत बोलावणं. तो तिसऱ्या महिन्यापर्यंत आला, मग यायचा थांबला. त्याचं येणं का थांबलं आणि मी वेगळं काय करायला हवं होतं, हेच मी पुढे अर्जात लिहिलं. मुलाखतीत तिघांपैकी दोघांनी त्याच्यावरच प्रश्न विचारले. अमेरिकन विद्यार्थी जो आजार क्वचितच डोळ्यांनी बघतो, तो आपल्याकडचा इंटर्न ओपीडीत दर आठवड्याला बघतो. मिश्री लावणाऱ्या आजीबाई, कवळी खिशात घेऊन फिरणारे काका, भूल न देता दात काढा म्हणून हटून बसणारा शेतकरी, ही आपली शिदोरी आहे. ती बाजूला ठेवून इंटरनेटवरून उचललेलं "लहानपणापासून मला लोकांच्या चेहऱ्यावर हसू आणायचं होतं" लिहिणं म्हणजे स्वतःवर अन्याय आहे. पैसे घेऊन निवेदन लिहून देणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका. मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत कळतं की हे शब्द या मुलीचे नाहीत.

अमेरिकेत आलात तर कामाचा प्रश्न जरा नाजूक होतो. एच-४ व्हिसावर काम करायला स्वतंत्र परवानगी लागते, ती सगळ्यांकडे नसते. पर्यटक व्हिसावर तर नाहीच. परवान्याशिवाय रुग्णाच्या तोंडात हात घालायचा नाही, कुणी ओळखीचा डॉक्टर म्हणाला तरीही नाही. एखाद्या क्लिनिकमध्ये उभं राहून बघता येतं. तिथे रुग्णाशी कसं बोलतात, उपचाराचे पर्याय कसे मांडतात, नोंद कशी ठेवतात हे शिकता येतं. असे तास शांतपणे साठवा. डेंटल असिस्टंटचं रीतसर काम मिळालं तर फारच उत्तम. आपण डॉक्टर असून सक्शन कसं धरायचं, असं मनात आणू नका. त्या खुर्चीशेजारी सहा महिन्यांत जे कळतं ते पुस्तकात नाही.

शिफारसपत्रं कॉलेजागणिक दोन-तीन तरी लागतात. ती पोर्टलवरून जातात. शिक्षकांच्या ईमेलवर दुवा येतो आणि त्यांनी तो स्वतः भरायचा असतो. म्हणून दोन गोष्टी आधीच बघा. एक, सरांचा कॉलेजचा ईमेल चालू आहे का. दोन, ते तुम्हाला खरोखर ओळखतात का. विभागप्रमुखांचं पत्र वजनदार हे खरं, पण "विद्यार्थिनी नियमित आणि मेहनती होती" एवढंच त्यात असेल तर त्याचा उपयोग नाही. ज्या लेक्चरर मॅडमनी तुमची पहिली अवघड आरसीटी शेजारी उभं राहून करून घेतली, त्यांचं पत्र जास्त बोलेल. त्यांना भेटायला जाताना वहीतल्या दोन केसेस आठवण म्हणून कागदावर लिहून न्या. आणि फेब्रुवारीतच सांगा. मार्च-एप्रिलमध्ये कॉलेजात परीक्षांची गडबड असते.

आता हाताची परीक्षा. पुष्कळ कॉलेजं मुलाखतीबरोबर बेंच टेस्ट घेतात. मॅनिकिनच्या डोक्यात टायपोडाँट बसवलेला असतो, प्लास्टिकचे दात. त्यात एखादी क्लास टू कॅव्हिटी आणि एक-दोन क्राउन प्रेपरेशन, मोजक्या तासांत. आपण शेकडो दात तयार केलेले असतात, म्हणून वाटतं यात काय. माझा घात इथेच झाला. त्या पहिल्या वर्षी बोलावणं आलं तेव्हा हातात नऊ दिवस होते. खालच्या दाढेची कॅव्हिटी छान झाली, खोली मोजून दीड मिलिमीटर, भिंती सरळ. मग प्रोब फिरवताना शेजारच्या दाताच्या अंगावर नख अडकावं तशी एक रेघ लागली. माझ्याच बरची. जिवंत माणसाच्या तोंडात तो शेजारचा निरोगी दात असता. परीक्षकांच्या दृष्टीने यापुढे कॅव्हिटी कितीही सुंदर असली तरी फरक पडत नाही, आणि ते बरोबरच आहे.

पुढच्या वर्षभरात मी जे शिकले ते असं. शेजारच्या दाताकडच्या भिंतीला बर लावायचाच नाही. कागदासारखी पातळ भिंत शिल्लक ठेवायची आणि ती हॅचेटने हलकेच मोडायची. क्राउनमध्ये बाजू कापताना सर्वात बारीक डायमंड घ्यायचा आणि आपल्याच दाताचा पातळ पापुद्रा शेजाऱ्याच्या बाजूला राहू द्यायचा, तो शेवटी आपोआप सुटतो. सुरुवात करण्याआधी दाताचा पुटी इंडेक्स घेऊन तो मधोमध कापायचा, म्हणजे किती कापलं ते अंदाजाने नव्हे, डोळ्यांनी कळतं. प्लास्टिकला इनॅमलचा कठीणपणा नसतो, बर लोण्यात शिरावा तसा शिरतो. म्हणून हात नेहमीपेक्षा हलका. आपल्या क्लिनिकमध्ये एअरोटर असतो, तिथे पुष्कळदा इलेक्ट्रिक हँडपीस मिळतो. तो वजनाला जड असतो आणि दाबलं तरी थांबत नाही. शक्य असेल तर परीक्षेआधी एकदा तरी हातात घेऊन बघा.

आणि आरसा. वरचे दात करताना आपण मान वाकवून, कमरेत पिळून सरळ दात बघतो. सगळी ओपीडी तशीच चालते. बेंच टेस्टमध्ये परीक्षक मागे फिरत असतात आणि तुम्ही कसे बसलात तेही बघतात. वरच्या दातांचं काम ताठ बसून आरशात बघूनच करता आलं पाहिजे. आरशात उलट दिसणाऱ्या दातावर हात चालायला मला तीन महिने लागले, रोज संध्याकाळी एक तास. टायपोडाँट आणि दात महाग आहेत. तिघी-चौघींनी मिळून सामान घेतलं तर परवडतं, आणि एकमेकींचं काम प्रोबने तपासताही येतं. हा सराव अर्ज भरल्यानंतर नव्हे, आधीच सुरू करायचा, कारण बोलावणं आलं की दिवस उरत नाहीत.

इंग्रजीच्या टोफेल परीक्षेची वैधता दोन वर्षं असते, एवढं लक्षात ठेवून ती कागदांच्या वर्षात शेवटी द्या. पैशाचं बोलायचं तर सगळा खर्च धरून आकडा दीड-दोन कोटींच्या पुढे सहज जातो. केंद्र सरकारचं विद्यार्थीकर्ज नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळतं, बाकीच्यांना खासगी कर्जासाठी बहुधा तिथला सहकर्जदार लागतो. हे घरात बसून अर्जाआधी बोला. प्रवेशपत्र हातात घेऊन जामीनदार शोधत फिरणारी मुलं मी पाहिली आहेत.

राहता राहिला होळीच्या फोनचा प्रश्न, यंदा भरू का? काही कॉलेजं अर्ज येतील तसे वाचतात, काही शेवटच्या तारखेनंतर एकदम. लवकर भरल्याने पहिल्या प्रकारात फायदा होतो, दुसऱ्यात तोटा होत नाही. पण लवकर म्हणजे पूर्ण आणि लवकर. ईसीईचा अहवाल आणि आयएनबीडीईचा निकाल आलेला असेल, पत्रं लिहिणारे तयार असतील आणि हात आरशात चालत असेल, तर पोर्टल उघडल्यापासून महिन्याभरात भरा. यातलं एकच काही बाकी असेल आणि ते जूनपर्यंत होणार असेल, तर उशिराच्या तारखांची कॉलेजं निवडून भरा. दोन गोष्टी बाकी असतील तर थांबा. नुसता अंदाज घ्यायला म्हणून अर्ज भरू नका. त्यात लाखाच्या घरात पैसे जातात, आणि पुढच्या वर्षी तेच कॉलेज विचारतं, गेल्या वेळेपासून नवीन काय केलं?

मला तो प्रश्न विचारला गेला. माझ्याकडे त्या वर्षात भरलेली दुसरी वही होती, असिस्टंट म्हणून केलेल्या कामाचे तास होते आणि एका डबीत ठेवलेले तीसेक प्लास्टिकचे दात होते, तारखेच्या क्रमाने. पहिल्या दहा दातांच्या शेजाऱ्यांवर रेघा होत्या. मी डबी टेबलावर उघडली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी शेवटचा दात उचलून खिडकीकडे धरला, नखाने चाचपला, आणि मला विचारलं की बेंच टेस्टसाठी मला डाव्या हाताचं युनिट लागतं की उजव्या.